नमुन्याची भिंत

दसऱ्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका नव्या इमारतीत, मला संडास धुवायला सांगण्यात आलं. मी तिथे भिंत रंगवायला गेले होते. भिंत रंगवून झाली होती. संडास मी धुतला.

सांगणारा माणूस इंटिरियरची कामं घेतो. सुतार, प्लंबर, रंगारी, लादीवाले त्याच्याकडे कामाला जातात. कोणीही त्याच्या पगारावर नाही. प्रत्येक जण स्वतःच्या हत्यारांनिशी येतो, स्वतःची हजेरी, म्हणजे दिवसाचा रोज, ठरवतो, निदान तसं समजतो. त्याला सगळे सर म्हणतात. मीही म्हणायचे.

त्या सकाळी वॉचमनने मला इमारतीच्या मागच्या लिफ्टकडे पाठवलं. ती मालाची लिफ्ट होती. वर फ्लॅटमध्ये सर उभा होता. फ्लॅट रिकामा. खाली काळ्या शिरांची पांढरी लादी, भिंतीवर सोनेरी कडांचे स्विचबोर्ड. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसत होता. बेडरूमच्या दारांना प्लास्टिक लावलेलं होतं. हॉलमधली खिडकीशेजारची भिंत त्याने मला दाखवली.

"ही भिंत करा. नमुना. हात बघू तुमचा. पसंत पडला तर अख्ख्या घराचं काम तुम्हाला. दिवाळीपर्यंत संपवायचंय."

मग जाता जाता वळून म्हणाला, "आणि ताई, इथलं टॉयलेट वापरायचं नाही हां. नवीन आहे. खाली वॉचमनचं आहे."

वॉचमनच्या संडासाला कडी नव्हती. मी दिवसभर पाणी प्यायले नाही. साइटवर जाणाऱ्या बायकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

भिंत मी केली. पुट्टीचे दोन हात दिले, मधे वाळू दिलं, घासली. प्रायमर मारला. वर रंगाचा एक हात. रंगाऱ्यांची भिंत तपासायची एक पद्धत असते. बल्ब भिंतीला अगदी चिकटवून धरायचा. उजेड आडवा पडला की भिंतीतली प्रत्येक लाट दिसते. मी बल्ब फिरवून पाहिला. लाट नव्हती. छताखाली बीमची धार सरळ उतरली होती. मी मोबाइलवर भिंतीचा फोटो काढला. समोरची भिंत अजून कच्ची होती, ती फोटोत येऊ नये म्हणून बाजू कापली.

संध्याकाळी सर घरमालकिणीला घेऊन आला. तिला तो मॅडम म्हणत होता. मॅडमने भिंतीवरून बोट फिरवलं.

"किती गुळगुळीत झालीय! कोणी केली?"

"आपल्या टीमने," सर म्हणाला.

"मी केली," मी म्हणाले.

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

"रिक्षा चालवतात. कोपरला."

सरने मोबाइलचा टॉर्च लावून भिंतीला चिकटवला. वरपासून खालपर्यंत नेला. बंद केला. मग मला विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव म्हणाले नव्हते. आता सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला.

मॅडमही "अच्छा" म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"काम ठीक आहे," सर म्हणाला. "बाईची हजेरी देईन. आज नमुना होता, त्यामुळे आजचं काही नाही. तुम्हाला माहीतच असेल."

"हजेरी मिस्त्रीची लागेल, सर. काम मिस्त्रीचं आहे."

"बाईला मिस्त्रीची हजेरी? मग मिस्त्रीला काय देऊ, फ्लॅट?"

मॅडम हसली. तिला तो खरंच विनोद वाटला. मग सरने बोटाने फ्लॅटच्या आतल्या बाजूला दाखवलं.

"कळवतो मी. जाता जाता लादी पुसून घ्या. आणि टॉयलेटला जरा ब्रश मारा, पुट्टीचं पाणी गेलंय त्यात. तुम्हाला काय, सवय असते."

त्यात पुट्टीचं पाणी गेलेलं नव्हतं. माझी भांडी मी खाली जाऊन धुतली होती. त्या संडासात कोणीतरी जाऊन पाणी न टाकता निघून गेलं होतं. त्या दिवशी त्या फ्लॅटमध्ये माझ्याव्यतिरिक्त फक्त सर आणि त्याचा सुपरवायझर आले होते.

जो संडास मला वापरायचा नव्हता, तो मी धुतला. ते दोघं हॉलमध्ये पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होते. मला ऐकू येत होतं. मॅडमला मोतिया रंग हवा होता.

सरने कळवलं नाही.

*

नमुना म्हणजे काय, ते सांगायला हवं.

माझ्या नवऱ्याने काम सुरू केलं तेव्हाही नमुना होता. दाराच्या मागे, हातभर जागा. नवीन गिऱ्हाईक असलं की मिस्त्री दार ओढून घ्यायचा, त्याच्या आडोशाला पट्टीभर पुट्टी ओढायचा, वर रंग फिरवायचा. तोवर घरातून चहा यायचा. चहा पिऊन होईपर्यंत ते वाळायचं. मग हजेरी ठरायची. नमुना दाराच्या मागे असायचा, कारण पसंत पडला नाही तर तो झाकला जावा. मिस्त्रीची लाज झाकली जावी.

मग ती हातभर जागा दाराच्या मागून बाहेर आली. आधी खांबाएवढी झाली. मग अर्धी भिंत. मग भिंत. चहा बंद झाला. आता इंटिरियरवाले फोनवरच सांगतात, एक दिवस या, नमुना द्या. तो दिवस फुकट असतो. हे कुठे लिहिलेलं नाही. कोणी ठरवलेलं नाही. सगळ्यांना माहीत असतं.

हजेरीचंही तसंच. मिस्त्रीची एक हजेरी. हेल्परची त्याहून कमी. आणि बाईची तिसरी, मिस्त्रीच्या साधारण निम्मी. बाईने डबे उचलले तरी बाईची. बाईने पुट्टी ओढायची पट्टी धरली तरी बाईची. लग्नानंतर मी नवऱ्याबरोबर कामाला जायला लागले ती घासायला. मग पुट्टी ओढायला लागले. पुढे त्याच्यापेक्षा माझी धार सरळ यायला लागली. हे तो स्वतः सांगायचा, पण घरी. गिऱ्हाइकासमोर हजेरी सांगताना तो म्हणायचा, "एक मिस्त्रीची, एक बाईची." मी शेजारी उभी असायचे. मला ते कमी वाटलं नाही. पैसे एकाच घरात येत होते.

एकदा घोड्यावरून उतरताना, म्हणजे ज्या लाकडी तिकाटण्यावर चढून छत मारतात त्यावरून, नवऱ्याचा पाय सुटला. मनगट मोडलं. ते बसवलं, पण वाकडं बसलं. पट्टीवर जोर येईना. त्याने हप्त्याने रिक्षा घेतली. रंगाचं काम मी एकटी घ्यायला लागले.

तेव्हा मला कळलं की ती दोन हजेऱ्यांची जोडी होती म्हणून मला कामं मिळत होती. एकटी गेले की मी मिस्त्री नव्हते. नवरा न आलेली बाई होते.

घोडबंदरहून आले त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय झालं, पसंत पडलं?"

"कळवतो म्हणालेत."

"मग कळवतील की. चांगलं केलंस ना?"

"चांगलं केलं."

संडासाचं मी सांगितलं नाही. आंघोळ केली. साबणाने कोपरापर्यंत हात घासले. मग जेवताना हात पुन्हा नाकाला लावून पाहिला. नवऱ्याने विचारलं, "आमटी बिघडली का?"

*

कोपर स्टेशनपासून थोडं पुढे रंगाचं एक दुकान आहे. सकाळी तिथे रंगारी थांबतात. दुकानदार ओळखीचा. ज्यांना घर रंगवायचंय ती माणसं दुकानात विचारतात आणि दुकानदार बाहेर बोट दाखवतो. दुकानाच्या फळीवर बसायला जागा मिळते. मी उभी राहते. बसलं की गिऱ्हाइकाला वाटतं, ही कोणाची तरी वाट बघतेय.

पुढच्या आठवड्यात एकदा एक गिऱ्हाईक आलं. त्याला कामाचे फोटो हवे होते. दुकानदाराने हाक मारली. आम्ही तिघं पुढे झालो. एक मी. दुसरा रईसभाई, कल्याणचा, पंधरा वर्षं रंगाच्या कामात. तिसरे जयरामकाका, इथल्याच एका गावठाणातले, सगळ्यांत जुने. तिघांनी आपापले मोबाइल काउंटरवर ठेवले.

गिऱ्हाईक रईसच्या मोबाइलकडे बघत होतं. मीही बघितलं. रंगवलेली भिंत. खाली लादीची एक पट्टी आली होती. पांढरी, काळ्या शिरांची. बाजूला स्विचबोर्ड. सोनेरी कडा.

"हे कुठलं, रईसभाई?"

"ठाण्याचं. का?"

"घोडबंदरचं?"

"तुला कसं माहीत?"

मी माझा मोबाइल त्याच्या मोबाइलशेजारी सरकवला. लादी तीच. बोर्ड तेच. काकांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि स्वतःच्या मोबाइलवर बोट फिरवत फिरवत मागे गेले. त्यांच्या फोटोत बेडरूमची भिंत होती. लादी तीच.

गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, मला वन बीएचके करायचाय, तुमचं काय चाललंय?" मग ते निघून गेलं. दुकानदार वैतागला. आम्ही तिघंही तिथेच.

आम्हा तिघांत काका आधी गेले होते. बेडरूम त्यांच्याकडून करून घेतली. संध्याकाळी सर त्यांना म्हणाला, तुमचं वय झालं. काकांनी ते आम्हाला त्यांच्या बोलीत सांगितलं. "मना बोलला, काका, आता तुमी घरी बसा. नातवंडं खेलवा. मी इकडं आलो, कोनाला काय नाय बोललो. काय बोलनार? वय तर झालाच हाय ना."

नंतर मी. मग, माझ्यानंतर दोन दिवसांनी, रईस. हॉलची समोरची भिंत त्याला दिली. तीच, जी मी फोटोतून कापली होती.

"मी गेलो तर खिडकीजवळची भिंत झालेली होती," रईस म्हणाला. "एक नंबर काम. सर मला संध्याकाळी तिच्यासमोर उभा करून म्हणाला, हा हात बघा आणि तुमचा बघा. तुमचा हात जड आहे. आणि ही भिंत एका बाईने मारलीय. मर्द असून लाज वाटत नाही?"

"मग?"

"मग काय. मला वाटलं, खोटं बोलतोय. बाई कुठे अशी भिंत मारते."

तो हे माझ्याकडे बघून म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "सॉरी ताई."

काका हसले. रईसने दुकानदाराकडून एक चहा मागवला, तो मला दिला.

मी बातमी तपासावी तसं तपासलं. इमारतीचं नाव, मजला, मागची लिफ्ट, वॉचमनच्या संडासाची न लागणारी कडी. सगळं जुळलं. रईसने पुट्टीच्या गोणीवरच्या धुळीत बोटाने फ्लॅट काढला. हॉल, त्याच्या दोन भिंती. बेडरूम, काकांची. दुसऱ्या बेडरूममध्ये काकांना प्लास्टिकच्या आड ओला रंग दिसला होता, म्हणजे तिथेही कोणीतरी आलं होतं. स्वयंपाकघराचं कळलं नाही.

फुकटाच्या दिवसांनी फ्लॅट रंगवून झाला होता. एकालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. कारण प्रत्येकाने फोटो काढताना शेजारची भिंत कापली होती. आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात. शेजारचं काम वाईट असलं तर आपल्यावर येतं. चांगलं असलं तर आपलं फिकं पडतं.

आणि कोणी काही बोललं नव्हतं. काका वयाची लाज घेऊन घरी गेले. रईस हाताची. मी संडासाची. तिघं रोज एकाच फळीजवळ थांबत होतो.

मला किळस आली. सरची नाही, ती आधीच आली होती. मी तो संडास धुतल्यानंतर काय केलं, ते मला आठवलं. मी घरी जाऊन बल्ब लावला होता आणि आमच्या खोलीची भिंत बघितली होती, माझा हात खरंच बाईचा आहे का ते बघायला. लाट नव्हती. तरी मी बराच वेळ शोधत होते. त्या शोधण्याची मला किळस आली.

"नमुना द्यायचाच नाय," काका म्हणाले. "दाराच्या मागं हातभर, तेवडाच. त्याच्यावर गेला का हजेरी."

"मिस्त्रीची," रईस म्हणाला.

"माझीही मिस्त्रीची," मी म्हणाले.

रईस थांबला. त्याच्या हाताखाली दोन बायका घासायला येतात. त्यांना तो बाईची हजेरी देतो. "ताई, ते वेगळं आहे ना. बाईची हजेरी सगळीकडे असते. मी काय एकटा बदलणार?"

"सरने तुला भिंत दाखवून शिवी दिली, तेव्हा ती बाईची भिंत होती की मिस्त्रीची?"

रईस गोणीवरची धूळ पुसायला लागला. काकांनी माझ्या हातातला रिकामा कप कचऱ्यात टाकला. "हात मिस्त्रीचा तर हजेरी मिस्त्रीची. ह्याच्यात काय इचार करायचा हाय, रईस?"

"आणि माझ्या बायका?"

"त्या पट्टी धरतात?" मी विचारलं.

"एक धरते. कधी कधी."

"मग तिला विचार."

ठराव झाला नाही. शपथ घेतली नाही. एवढंच ठरलं की सरचा फोन आला तर जायच्या आधी एकमेकांना कळवायचं.

*

फोन मला आला. दिवाळी तोंडावर होती.

"ताई, तुमची भिंत मॅडमना फार आवडली हो. डोंबिवलीतच एक काम आहे, तुमच्या जवळच. एक नमुना देऊन जा."

मी रईसभाईला आणि काकांना कळवलं. घरी मी नवऱ्याला सांगितलं की नमुन्याची हजेरी मागणार आहे. तो रिक्षा पुसत होता.

"अगं, दिवाळीच्या तोंडावर? हप्ता आहे. एक दिवस गेला तर गेला, पुढचं काम तर लागेल."

"तुम्ही पहिलं भाडं फुकट नेता का? रिक्षा कशी चालवता ते बघायला?"

"बस की मग, नेतो फुकट. घरातलीच सवारी आहे."

तो हसला. मी हसले नाही. मग मी त्याला संडासाचं सांगितलं. पहिल्यांदा. त्याने फडकं पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं. त्याचं वाकडं मनगट पूर्ण वळत नाही, त्यामुळे फडक्यातून पाणी गळत राहतं.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काय केलं असतं?"

त्याने फडकं हँडलवर टाकलं. "इतकी वर्षं मीच म्हणायचो ना," तो म्हणाला. "एक मिस्त्रीची, एक बाईची." मग त्याने मला डोंबिवली पूर्वेला त्या इमारतीपाशी सोडलं. मी आत गेले तरी तो निघाला नाही. रिक्षा कडेला लावून थांबला.

घर एका निवृत्त गृहस्थांचं होतं. बँकेत होते असं त्यांनीच सांगितलं. बोलणं स्वच्छ, शांत. माझ्यासाठी त्यांनी स्वतः पाण्याचा ग्लास आणला. सर सोफ्यावर बसला होता आणि त्यांना टॅबवर फोटो दाखवत होता. "हे बघा, आमच्या टीमचं काम."

फोटोत तो हॉल होता. पूर्ण. खिडकीशेजारची माझी भिंत आणि समोरची रईसची, दोन्ही एकाच फोटोत. मधे मॅडमचे मोतिया रंगाचे पडदे. त्याने काहीच कापलेलं नव्हतं.

"ही भिंत तुमची ना?" गृहस्थांनी मला विचारलं. "फार छान."

"समोरचीही छान आहे," मी म्हणाले. "ती कल्याणच्या रईसभाईची. सरांनी त्याला सांगितलं की त्याचा हात जड आहे."

सरने टॅब बंद केला. "ताई, इथे नमुना द्या. ती भिंत, टीव्हीमागची."

"हजेरी ठरू दे. आजचीही. मिस्त्रीची."

"नमुन्याची हजेरी? हे कुठून शिकून आलात?"

गृहस्थ मध्येच म्हणाले, अगदी सहज, "अहो पण नमुन्याचा दिवस धरलाय की हिशेबात. मी एस्टिमेट वाचलंय. पहिला दिवस, एक मिस्त्री."

सरने टॅब सोफ्यावर ठेवला. गृहस्थांना आपण काय बोललो ते कळलं. ते सरकडे बघायला लागले.

"ते कंपनीचं असतं," सर म्हणाला. "सुपरव्हिजन वगैरे."

"तिथे मिस्त्री लिहिलंय?" मी गृहस्थांना विचारलं.

"हो. म्हणजे..." त्यांनी ग्लास उचलला. मी अजून पाणी प्यायले नव्हते. "हे बघा, ते तुमचं आपापसातलं. मी त्यात पडत नाही. मला दिवाळीआधी घर हवंय. मुलगी येणार आहे."

त्यांचा आवाज शेवटपर्यंत शांत होता. मी आजवर ऐकलेल्या शिव्यांत ही एकच मला जशीच्या तशी लक्षात राहिली आहे. ते तुमचं आपापसातलं.

सरने मोबाइल काढला. "रंगारी काय कमी आहेत का? आत्ता बोलावतो." त्याने स्पीकर लावला, मला ऐकू यावं म्हणून. रईसला फोन लावला.

"रईस, डोंबिवलीत ये. एक नमुना आहे."

"नमुन्याची हजेरी लागेल, सर."

"तुला पण?"

"ताई तिकडे आहे ना? तिची जी असेल ती माझी. मिस्त्रीची."

सरने फोन कापला. जयरामकाकांना लावला. काकांनी उचलला, सरचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, माजा वय झालाय. मी नातवंडं खेलवतो."

सर माझ्याकडे वळला. गृहस्थांसमोर त्याला आवाज चढवता येत नव्हता. हळू म्हणाला, "तुमच्या लोकांना डोक्यावर बसवलं की हेच होतं."

"कोणत्या लोकांना?"

तो टॅब बॅगेत घालायला लागला.

"त्या दिवशी तुम्ही माझं आडनाव ऐकून संडास धुवायला लावलात. आधी सांगितलं होतं की तो वापरायचा नाही. तो पुट्टीने भरलेला नव्हता. कशाने भरला होता, ते तुम्हाला माहीत आहे. भिंत पसंत होती, म्हणूनच आज फोन केलात. मिस्त्रीची हजेरी, पहिल्या दिवसापासून. आणि टॉयलेट घरातलं वापरणार."

गृहस्थ म्हणाले, "इथे नको हो हे विषय."

मी पट्टी पिशवीत घातली आणि खाली आले. नवरा रिक्षात होता. त्याने रिक्षा सुरू केली. मी मागे बसले. थोडं पुढे गेल्यावर त्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "मीटर टाकू?"

"टाका," मी म्हणाले.

*

यापुढचं जेवढं खात्रीचं आहे, तेवढंच सांगते.

त्या घराचं काम सरने नाक्यावरून आणलेल्या दोन माणसांकडून करून घेतलं. त्यांना नमुन्याच्या दिवसाची हजेरी मिळाली की नाही, ते मला समजलेलं नाही. घर दिवाळीआधी झालं. खालच्या रस्त्यावरून जाताना खिडकीतला कंदील दिसत होता.

दिवाळीत माझे कामाचे दिवस गेल्या वर्षीपेक्षा कमी भरले. रिक्षाचा एक हप्ता उशिरा गेला.

दुकानाजवळ थांबणाऱ्यांतले सगळे आमच्याबरोबर नाहीत. काही जण अजून फुकट भिंत मारून येतात आणि येऊन सांगत नाहीत. ते चेहऱ्यावरून ओळखू येतं. आम्हीही तसेच दिसत होतो. जे बरोबर आहेत, ते दाराच्या मागे हातभर नमुना देतात. त्याच्या पुढे हजेरी.

रईसच्या हाताखालची एक बाई आता पट्टी धरते. तिला तो मिस्त्रीची हजेरी देतो. दुसरीला अजून बाईचीच देतो. याबद्दल आमचं भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही.

मी फोटो काढते तेव्हा भिंत कापत नाही. दारात उभी राहून अख्खी खोली घेते. कोणाची भिंत कोणती, ते नावासकट लिहून ठेवते.

दुकानाच्या फळीवर मी बसते.

गेल्या आठवड्यात सरचा फोन आला.

"ताई, अर्जंट आहे. कल्याणला. किती म्हणाला होतात तुम्ही हजेरी?"

"मिस्त्रीची."

"म्हणजे बाईची किती होईल?"

"बाईची नाही. एकच आहे. पहिल्या दिवसापासून. आणि टॉयलेट घरातलं."

"बघून सांगतो."

"बघायचं काय त्यात? भिंत तुम्ही बघितली आहे. टॉर्च लावून."

त्याने फोन ठेवला. पुन्हा आलेला नाही.